एक लिटर पाणी, डोंगराच्या या बाजूला

राणीपूरच्या अलीकडे पायवाट डांबराला लागते तिथं मी थांबलो. ठरवून नाही, पायच थांबले. समोरून मक्याची कणसं भरलेला ट्रॅक्टर गेला, धूळ उडाली, आणि ती खाली बसल्यावर डावीकडच्या शेतातून आवाज आला. विहिरीवरची मोटार चालू होती. साडेसात एचपीची असणार आणि तिचं बेअरिंग जायला आलं होतं, फार तर पंधरा दिवस काढेल. पाच दिवसांत पहिल्यांदा मोटारीचा आवाज ऐकला, आणि ज्या आवाजावर माझं घर चालतं तो ऐकून मला रडू यायला झालं, का ते तेव्हा कळलं नाही. पोरगी मागून आली, म्हणाली, पप्पा काय झालं, पाय मुरगळला का? मी म्हटलं नाही गं, पोचलो आपण.

माझं नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याला मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीची तार नव्यानं भरून द्यायचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, तेव्हा मोनोब्लॉक यायचे, विहिरीच्या काठावर बसवायचे, फूटव्हॉल्व्ह पाण्यात सोडायचा, आणि मोटार प्यायला लागली की शेतकरी पाटाच्या कडेनं पळत जायचा पाणी कुठवर आलं ते बघायला. माझ्या हातात दुकान आलं तोवर सबमर्सिबल आले, पाण्यात बुडवून ठेवायचे. आता माझ्याकडे येणारी दहातल्या आठ मोटारी बोअरच्या असतात. कोणाची दोनशे फुटावर, कोणाची चारशेवर, काहींची त्याच्याही खाली. वडिलांच्या वहीत विहिरींचे आकडे आहेत, तीस फूट, चाळीस फूट. मी ती वही जपून ठेवलीय. पपई, केळी, ऊस, आमच्या भागात सगळं पाणी पिणारंच पीक, आणि त्यातलं बरंच पाणी मी जोडलेल्या तारेच्या जोरावर खालून वर आलेलं आहे. सत्तावीस वर्षं मी हेच काम केलं, पाणी खालून वर ओढायचं. ते मुळात वरून खाली कसं येतं हे मात्र कधी चालत जाऊन पाहिलं नव्हतं.

दुकानाच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुडा दिसतो. दिसतो म्हणजे काय, एक निळी रेघ दिसते. पावसाळ्यात गडद, उन्हाळ्यात धुरकट, होळीच्या सुमाराला कधीकधी रात्री तिच्यावर वणव्याची लाल दोरी. शहाद्यात, तळोद्यात राहणाऱ्या कोणालाही विचारा, लहानपणापासून ही रेघ डोळ्यासमोर असते आणि बहुतेकांसाठी ती रेघच राहते. फार तर डोंगरावर तोरणमाळच्या थंड हवेला गाडीनं जायचं, यशवंत तलावाकाठी भजी खायची, संध्याकाळी परत. मीही तेच केलं. अनेकदा.

यंदा एक सर म्हणाले, चला पायी जाऊ. हे सर धडगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर कित्येक वर्षं होते, पावरी भाषा चांगली बोलतात, पाड्यापाड्यावर त्यांचे विद्यार्थी आहेत, त्यांतले काही आता स्वतः बाप झालेत. त्यांनी वाट ठरवली. बिलगावला सुरुवात, उदई नदीच्या अंगानं वर, मग पूर्वेला डोंगर चढत चढत तोरणमाळ, आणि तिथून दक्षिणेला खाली आपल्या खान्देशात. चार रात्री, पाच दिवस. सर, मी, माझा शालक, गल्लीतला मेडिकलवाला मुलगा, आणि नाशिकला इंजिनिअरिंग करणारी माझी पोरगी जी सुट्टीला आलेली होती आणि "मी पण येणार" म्हणून अडून बसली. वाट दाखवायला सरांचा एक जुना विद्यार्थी, त्याला आम्ही सगळेच दादा म्हणत होतो, वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान असूनसुद्धा.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. परतीचा पाऊस अजून डोंगरात रेंगाळत होता म्हणून धबधबे भरून वाहत होते, आणि तरी ओढे ओलांडता येतील इतके उतरलेही होते. हा काळ फार थोडा असतो, दोनतीन आठवड्यांचा. जाणार असाल तर हाच काळ धरा, आणि ओळखीचा स्थानिक माणूस सोबत घेतल्याशिवाय जाऊ नका. पाऊस जोरात असताना तर नकोच, तिथले ओढे बघताबघता चढतात.

बिलगावचा बाराधारा धबधबा मी फोटोत पाहिलेला. फोटोत आवाज नसतो. उदईचं पाणी काळ्या बेसाल्टच्या पायरीवर रुंद पसरतं आणि मग एकेका फटीतून वेगळं वेगळं होऊन पडतं, धारा बारा आहेत की तेरा हे मोजत बसायला जमत नाही कारण वारा आला की दोन धारांची एक होते. जवळ गेलं की छातीत घुमतं. माझी पोरगी मोठ्यानं काहीतरी ओरडून सांगत होती, मला फक्त ओठ दिसत होते.

पण मला बिलगाव बघायचं होतं ते दुसऱ्याच कारणासाठी. याच पाण्यावर २००३ च्या जानेवारीत गावानं स्वतःची वीज केली होती. नर्मदा बचाओ आंदोलनातले लोक, केरळमधल्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे इंजिनिअर आणि गावकऱ्यांचं श्रमदान, यातून धबधब्याच्या वरून पाणी वळवून खाली टर्बाइनवर सोडलं आणि पंधरा किलोवॅटचं छोटं वीजघर उभं राहिलं. ज्या गावानं तोवर वीज पाहिली नव्हती त्याच्या पाड्यांवर दिवे लागले. पंधरा किलोवॅट म्हणजे माझ्या भाषेत वीस एचपी. माझ्या दुकानात वीस एचपीची मोटार येते तेव्हा ती एका शेतकऱ्याच्या एका बोअरची असते. तेवढ्याच ताकदीत इथं गाव उजळलं होतं, डिझेल नाही, डीपी नाही, फेज गेली म्हणून लाइनमनला फोन नाही. २००६ मध्ये सरदार सरोवराच्या बुडितात ते वीजघर गेलं.

ते कुठं होतं म्हणून मी दादाला विचारलं. त्यानं बोट दाखवलं. खाली सरोवराचं संथ, मातकट पाणी, बाकी काही नाही. धरणाची उंची वाढत वाढत १३८.६८ मीटरला गेली आणि नर्मदेचं पाणी उदईच्या तोंडातून आत आत शिरलं, खान्देशच्या या टोकाला. मी तिथं बराच वेळ उभा होतो. जळालेली मोटार मी परत भरून देतो, तार काढायची, नवी भरायची, वार्निश करायचं, आठ दिवसांत परत चालू. पाण्याखाली गेलेल्या त्या मशीनच्या बाबतीत माझ्या हाताला काहीच काम नव्हतं, आणि ज्या लोकांनी डोक्यावर दगड वाहून ती उभी केली त्यांना काय वाटलं असेल हे मला माझ्या धंद्यामुळे जरा जास्त जवळून कळतं असं वाटलं. निघताना धबधब्याच्या वरच्या अंगाला जाऊन मी एक लिटरची स्टीलची बाटली भरून घेतली आणि बॅगेच्या तळाशी कपड्यांत गुंडाळून ठेवली. दुपारी लागेल म्हणून. आणि विसरलो.

दुसऱ्या दिवसाचं फार सांगण्यासारखं नाही, नदी सोडायची, परत धरायची, सागाच्या पानांवरून टपटपणारं पाणी, बुटात पाणी, मोज्यात पाणी. एक गोष्ट मात्र सांगतो. दुपारी उतारावर वरून चार माणसं येताना दिसली, खांद्यावर बांबू आणि बांबूला झोळी. झोळीत बाई होती, तापानं फणफणलेली, डोळे मिटलेले. गाडीरस्ता गाठायला त्यांना अजून दोन तास होते. आम्ही वाटेतून बाजूला झालो. सरांनी काही न बोलता बॅग खाली टाकली आणि एकाच्या खांद्याखाली खांदा दिला, मेडिकलवाल्या मुलानं आपल्या पिशवीतल्या गोळ्या बाहेर काढल्या, काय द्यायचं काय नाही ते नवऱ्याला समजावून सांगितलं, आणि तो आणि शालक त्यांच्यासोबत परत खाली गेले. ते दोघं आम्हाला रात्री उशिरा पाड्यावर येऊन मिळाले, बॅटरीच्या उजेडात. बाई गाडीत बसेपर्यंत शुद्धीवर होती एवढंच ते म्हणाले. त्या रात्री जेवताना कोणी फार बोललं नाही. ज्या वाटेला आम्ही ट्रेक म्हणत होतो ती त्यांची दवाखान्याची वाट होती.

तो पाडा डोंगराच्या कुशीत होता. इकडे पाडा म्हणजे घराला घर चिकटलेलं गाव नाही, एकेक घर आपापल्या शेतात, मध्ये ओहोळ, हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर. कुडाच्या भिंती, वर कौलं. शेतात मका, ज्वारी, आणि भादी, मोर असली धान्यं जी आमच्या शहाद्याच्या बाजारात तुम्हाला दिसणार नाहीत. घरच्या बाईनं मक्याची भाकर आणि उडदाची दाळ वाढली, दाळीत आमचूर. घरचाच, उन्हाळ्यात कैऱ्या कापून खडकावर वाळवतात तो. धडगावच्या आमचुराची पोती आमच्याकडे बाजारात येतात, मी पिशव्याच्या पिशव्या घेतलाय, पण ज्या हातानं कैरी कापली त्याच हातानं दाळीत पडलेला पहिल्यांदा खाल्ला.

सकाळी तोंड धुवायला बाहेर आलो तर अंगणात काळा पाइप, त्याच्या तोंडातून बारीक पण सलग धार, खाली हंडा. मी सवयीनं मोटार शोधायला लागलो. मोटार नव्हती. पाइप धरून वर चालत गेलो, झाडीतून, दगडावरून, अर्धा किलोमीटर तरी असेल, वर एका झऱ्याला दगड लावून छोटंसं डबकं केलेलं आणि पाइपाचं तोंड त्यात, तोंडाला फडकं बांधलेलं, पानं जाऊ नयेत म्हणून. संपलं. उतारावर हवा धरू नये म्हणून पाइप कुठेही उंचवट्यावरून नेला नव्हता, प्रत्येक ठिकाणी वळसा घातलेला. मी दादाला विचारलं, हे कोणी शिकवलं? तो म्हणाला, पाणी जाईल तसा पाइप टाकला.

मला एकदम माझ्या मायचं माहेर आठवलं. साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी. तिथं फड होते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, कोणत्या वर्षी कोणत्या फडात काय ते गावानं बसून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या, आणि त्यांना धान्य सगळ्यांनी मिळून द्यायचं. पांझरा, मोसम, कान या नद्यांवर तीनशे वर्षांहून जुनी ही पद्धत, निव्वळ उतारावर चालणारी. माझे आजोबा मला पाटाच्या कडेला बसवून म्हणायचे, पाण्याला ढकलू नको, त्याला वाट दे. मग विहिरी झाल्या, मोटारी झाल्या, ज्याची मोटार मोठी त्याचं पाणी. त्या मोटारी भरून देणाऱ्यांत मी आहे, माझी पोरगी त्याच पैशावर इंजिनिअरिंग शिकतेय, हे मी नाकारत नाही. पण त्या झऱ्याकाठी बसून मला आजोबांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, पस्तीस वर्षांनी.

तिसरा दिवस चढाचा. काय चढ होता! एक सोंड चढायची, वर पोचलो असं वाटायचं, तर पलीकडे दरी आणि तिच्या पलीकडे आणखी उंच सोंड. सातपुडा सरळ नाही चढत तो, पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचत गेला, त्याच पायऱ्या, कड्याला आडवे पट्टे दिसतात बघा, कडक थराचा कडा आणि मऊ थराचा उतार. धबधबे सगळे कडक थराच्या ओठावरून पडतात. त्या दिवशी आम्ही सात मोजले, नाव एकालाही नाही. मी दादाला विचारलं तर तो म्हणाला, याला नाव कशाला, इथं एकच आहे. म्हणजे त्याच्या पाड्याजवळ एकच, पुढच्या पाड्याजवळ त्यांचा एक. मला हे फार पटलं. एका धबधब्याच्या मागं उभं राहता येत होतं, पाण्याच्या पडद्याआड, आणि तिथल्या ओल्या दगडावर तेरड्याची गुलाबी फुलं. पोरगी तिथं पंधरा मिनिटं काही न बोलता उभी होती. तिला मी इतकं गप्प कधी पाहिलेलं नाही. मोबाईलही काढला नाही तिनं.

संध्याकाळी तिनं मला विचारलं, पप्पा तुम्ही हे आधी का नाही दाखवलं? मी काय सांगणार. दुकान बंद ठेवता येत नाही, सीझनला मोटारी रांगेत असतात, शेतकऱ्याचं पीक एका दिवसात करपतं. हे सगळं खरंच आहे. पण मलाही ते माहीत नव्हतं, हे जास्त खरं आहे. तेच सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी तोरणमाळ. पठारावर आलो तेव्हा ढग अगदी डोक्यावर होते. साडेअकराशे मीटरच्या आसपास उंची, हवेत गारवा, आणि अचानक समोर यशवंत तलाव, शांत, पसरलेला, काठावर गुरं. इतक्या वेळा पाहिलेला हा तलाव मला ओळखू आला नाही, खरं सांगतो. कारण मी नेहमी दक्षिणेकडून गाडीनं यायचो, पार्किंगपासून त्याच्याकडे बघायचो. आता उलट्या बाजूनं, घामानं भिजून, चार दिवस पडणारं पाणी बघून आलो होतो, आणि पहिल्यांदा थांबलेलं पाणी दिसलं. चार दिवस कानात जो घोंगाट होता तो थांबला. आम्ही काठावर बसलो, कोणी भजी आणायचं नावही काढलं नाही. पलीकडे कमळ तलावात कमळाची पानं पसरलेली. संध्याकाळी सीताखाईच्या कड्यावर गेलो, खाली दरीत ढग भरलेला, पाणी पडताना दिसायचं आणि अर्ध्यातून ढगात नाहीसं व्हायचं, आवाज मात्र खालून वर येत राहायचा.

तिथं मच्छिंद्रनाथांची गुहा आहे, गोरखनाथांचं मंदिर आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, डोंगरातून, मध्य प्रदेशातून, खालून खान्देशातून माणसं पायी येतात. माझे वडील तरुणपणी एकदा चालत आलेले, हे मला मायनं सांगितलं होतं, त्यांनी स्वतः कधी नाही. मी मंदिराच्या पायरीवर बसलो आणि विचार करत राहिलो, ते कोणत्या वाटेनं आले असतील, खिशात काय असेल, परत जाताना काय वाटलं असेल. मी विचारायला हवं होतं. ते गेले त्याला अकरा वर्षं झाली.

रात्री मुक्कामाला बॅग पूर्ण रिकामी केली, ओले कपडे वाळत घालायला, आणि तळातून ती बाटली निघाली. बिलगावची. भरलेली, झाकण न उघडलेली. पोरगी म्हणाली, अरे देवा, तुम्ही हे उगाच वर वाहून आणलं? मग तीच मोबाईलवर हिशेब करायला लागली. बिलगाव ते तोरणमाळ उंचीत साधारण हजार मीटरचा फरक. एक लिटर म्हणजे एक किलो. हजार मीटरचं हेड, म्हणजे तेवढं उंच चढवायचं. साधारण ९,८०० जूल. लॉस सोडले तर एक एचपीच्या मोटारीला तेरा सेकंदांचं काम. मला चार दिवस लागले.

तेरा सेकंद. मी रोज दुकानात टेस्टिंगला मोटार लावतो, हातानं शाफ्ट तपासतो, बटण दाबतो, तेरा सेकंद तर अँपिअर बघण्यातच जातात. एक लिटर पाणी वर जायला काय लागतं हे मला पाठ होतं आणि ठाऊक मात्र नव्हतं. आता माझ्या गुडघ्यांना, खांद्यांना, तळव्याला आलेल्या फोडाला ते ठाऊक होतं. आणि पावसाचं पाणी तर याहून उंच, ढगाइतकं वर जातं, समुद्रावरून उचललेलं, दरवर्षी, सगळ्या सातपुड्याला पुरेल इतकं, कोणाकडे बिल न येता. ते सगळं आम्ही खाली जमिनीत जिरायच्या आत वाहू देतो आणि मग चारशे फुटावरून तारेच्या जोरावर ओढतो.

पाचव्या दिवशी सकाळी दक्षिणेच्या कड्यावर आलो तेव्हा ढग फाटला होता. खाली खान्देश. पूर्ण. शेतांचे हिरवे चौकोन, दूर तापीची चकाकी. सर म्हणाले, मागं जे पाणी पाहिलं ते नर्मदेला जातं, आणि इथून पुढं या उतारावर जे पडेल ते तापीला. दोन्ही नद्या पश्चिमेला वाहतात, गोदावरी-कृष्णेच्या उलट, दोघींच्या मध्ये हा सातपुडा, आणि शेवटी एक भरूचजवळ, एक सुरतजवळ, खंभातच्या आखातात. आमची गोमाईसुद्धा डोंगरातून उतरून प्रकाशाला तापीत मिसळते. म्हणजे मी ज्या रेघेकडे गच्चीवरून बघत मोठा झालो ती नुसती रेघ नव्हती, दोन नद्यांच्या मधलं छप्पर होतं, आणि मला आयुष्यभर त्याची एकच बाजू दिसत आली होती.

उतरायला लागल्यावर पहिला ओहोळ लागला, टाचेएवढा, दगडातून पाझरणारा. मला ताजं पाणी भरून घ्यायचं होतं म्हणून मी बाटली उघडली आणि उदईचं पाणी ओतून दिलं. ओतलं आणि मग लक्षात आलं. नर्मदेला जाणारं एक लिटर पाणी मी डोंगराच्या या बाजूला आणलं होतं आणि आता ते तापीच्या वाटेला लागलं होतं. वाट दगडावरून, मुळांवरून, मधेच दिसायची, मधेच नाही. मी वाकून बघत राहिलो. माझा शालक म्हणाला, दाजी चला, ऊन होईल. मी बाटली परत भरली, या बाजूच्या पाण्यानं, आणि निघालो.

उतार गुडघ्यांना फार लागला, चढापेक्षा जास्त. काही ठिकाणी जुनी पायवाट घाटरस्त्याला मिळते, सातपायरीची वळणं वरून दिसतात, एखादी गाडी हॉर्न देत जाते, मग वाट परत झाडीत शिरते. गरम व्हायला लागलं. सालई, साग, मग बोरी-बाभळी, मग शेतं. प्रत्येक शंभर फुटाला हवा बदलत होती. आणि मग ते डांबर, तो ट्रॅक्टर, ती मोटार.

त्या शेतात मी गेलो. राहवलं नाही. शेतकरी ओळखीचा निघाला नाही पण दुकान त्याला माहीत होतं. त्याला म्हटलं, काका, बेअरिंग बदलून घ्या, नाहीतर वायंडिंग जळेल, मग खर्च मोठा. मग विचारलं, विहिरीबरोबर बोअरही असेल ना, किती फूट? त्यानं सांगितलेला आकडा मी इथं लिहीत नाही, ऐकून वडिलांची वही आठवली. मी म्हटलं, तुमच्या बांधाला नाला आहे ना, पावसाळ्यात येतं ना पाणी, त्याला अडवा थोडं, बोअरजवळ खड्डा करा, दगड-वाळू भरा, जिरू द्या. मी येतो दाखवायला, पैसे नको. तो माझ्याकडे बघत राहिला, मोटारवाला माणूस हे काय सांगतोय म्हणून. पण हो म्हणाला. दिवाळीनंतर जायचंय.

गाडी आली होती घ्यायला. सर म्हणाले, इतकं चाललोय, जरा वाकडी वाट करून दरा गावाकडे जाऊ, उनपदेवला पाय शेकून घेऊ. चोपड्याकडे अडावदजवळ एक उनपदेव आहे, हे आमचं शहाद्याचं. गरम पाण्याचा झरा, गोमुखातून पडतो. माझी माय दरवर्षी म्हणायची तिथं ने, गुडघे दुखतात, आणि दरवर्षी सीझन आडवा यायचा.

बूट काढले, फोड फुटलेले पाय पाण्यात सोडले. आधी चटका, मग असं वाटलं की पाच दिवस पायांतून हळूहळू खाली जातायत. पावसाचं पाणी फटींतून खोल खोल जातं, तिथं जमिनीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं, आणि भेगेतून परत वर येतं. किती वर्षांपूर्वीचा पाऊस असेल कोण जाणे. मी हात धारेखाली धरून बसलो. पोरीनं विचारलं, पप्पा, याला किती एचपी? मी मान हलवली, काही बोललो नाही.

बाटलीतलं ओहोळाचं पाणी आम्ही वाटून प्यायलो, सगळ्यांच्या वाट्याला दोन दोन घोट आले. मग ती गोमुखाखाली धरून भरून घेतली, झाकण घट्ट लावलं, टॉवेलात गुंडाळली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. माय ओट्यावर बसलेली. "पोचना का रे भाऊ? पाय बरा शेतस ना?" मी बॅग न उतरवता तिच्या शेजारी बसलो, टॉवेल सोडला, बाटली तिच्या हातात दिली. तिनं ती दोन्ही हातांनी धरली, मग हळूच गुडघ्यावर टेकवली आणि डोळे मिटले.

"आजून कोमट शे," म्हणाली.